सुभाष महाजन की इंदर मल्होत्रा: जास्त चीड कोणाची येते?

पेरूची_फोड

दोन्ही चित्रपट १९८२चे आणि दोन्हींत स्मिता पाटील. डॉ. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त ती बायको आहे, सुलभा, आणि नवरा दुसरीकडे गुंतलाय. महेश भट्टच्या 'अर्थ'मध्ये ती स्वतःच 'ती दुसरी' आहे, कविता, आणि बायको पूजा म्हणजे शबाना आझमी. एकाच वर्षात एकच नटी भांडणाच्या दोन्ही बाजूंना उभी!

पण माझा प्रश्न बायकांबद्दल नाही, नवऱ्यांबद्दल आहे. (चाळीस वर्षं होऊन गेलीत, तेव्हा 'शेवट का सांगितलात' म्हणून कोणी ओरडायचं नाही.)

सुभाष महाजन, म्हणजे गिरीश कार्नाड. वकील, सुशिक्षित, घरात आवाज न चढवणारा. सुलभा परगावच्या महिलाश्रमातली नोकरी सोडून, पार दमून घरी येते, तेव्हा तो तिला शांतपणे सांगतो की मधल्या काळात माझ्या आयुष्यात दुसरी बाई आली. ते नातं तोडायची त्याची तयारी नाही. सुलभाने समजून घ्यावं, एवढीच काय ती माफक अपेक्षा.

इंदर मल्होत्रा, म्हणजे कुलभूषण खरबंदा. चोरून भेटतो, थापा मारतो, मग पूजाला सोडून सरळ कविताकडे राहायला जातो. तिकडचं बिनसलं की पुन्हा पूजासमोर हजर.

माझं मत: त्यातल्या त्यात सुभाष बरा. निदान तोंडावर खरं बोलला. 'ह्यां'चं मत बरोब्बर उलट आहे आणि त्यावरून रविवारची मिसळ गार झाली. तुम्हाला जास्त चीड कोणाची येते? आणि का?

बिनसाखरेचा

मला कार्नाडांच्या आवाजाची चीड येते. त्या आवाजात कोणी मला महावितरणचं बिल वाचून दाखवलं तरी मी मुकाट सही करून देईन. सुलभा बिचारी ऐकून घेणार नाही तर काय.

वाड्यातली_सून

पेरूताई, साफ असहमत.

सुभाष खरं बोलला, पण कधी? ती घरी परत आल्यावर. मधल्या काळात ती परगावी होती, पत्रं होती, येणं-जाणं होतं. तेव्हा नाही सांगितलं. ती नोकरी सोडून आली, मागचे दोर कापले गेले, पोटची पोरगीसुद्धा तिला परक्यासारखी वागवतेय, आणि मग साहेबांना खरं बोलायची हुक्की आली. ह्याला मी प्रामाणिकपणा म्हणत नाही. स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर ठेवलं, झालं.

शनिवारातला_शनी

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

सुलभा लहान मुलीला जावेकडे सोडून परगावी गेली. कोणी उपाशी मरत नव्हतं, घर खाऊनपिऊन सुखी होतं. सासूबाई स्वतः समाजकार्य करणाऱ्या, त्यांच्याबरोबर इथल्या इथे काम करता आलं असतं. नवऱ्याने तिला अडवलं नाही, जाऊ दिलं. मग एकटा पडलेला माणूस कुठेतरी घसरला, तर सगळा दोष त्याचाच? मी समर्थन करत नाही, पण इंदरला तर असं एकही कारण नव्हतं. बायको घरात, जीव टाकणारी. त्यामुळे चीड इंदरची.

आवळासुपारी

आलाच का हा मुद्दा! मी वाटच बघत होते.

शनीराव, आमच्या सोसायटीत निम्मे नवरे दुबई, मस्कत नाहीतर बोटीवर आहेत. सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. त्यांच्या बायका 'घसरल्या' तर तुम्ही 'एकटी पडलेली बाई' म्हणून असाच कळवळा दाखवाल ना? आणि हे 'जाऊ दिलं' काय प्रकरण आहे? कुलपाची किल्ली ह्यांच्याकडे होती का?

बिनसाखरेचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कोणाला हवेत?

निवृत्त_अधीक्षिका

नमस्कार. वय सत्तरच्या पुढे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

सगळे 'उंबरठा'च्या शेवटच्या दहा मिनिटांवर बोलताय. मधला अख्खा चित्रपट महिलाश्रमात घडतो. विजय तेंडुलकरांची पटकथा आहे, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरची. मी स्वतः अशा वसतिगृहात काम केलं आहे म्हणून सांगते, त्यात दाखवलेलं व्यवस्थापक मंडळ अगदी नमुनेदार आहे. आमच्याकडच्या समितीतले एक गृहस्थ तपासणीला बरोबर जेवणाच्या वेळेला यायचे. मुलींच्या आमटीत डाळ किती, हे बघायला नव्हे. स्वतः जेवायला. त्या दिवशी पापड तळले जायचे आणि त्यांचा खर्च 'किरकोळ'मध्ये टाकायचा, असा तोंडी हुकूम होता. मी ते पापड वहीत लिहिले, तर पुढच्या बैठकीत माझ्या 'स्वभावा'वर चर्चा झाली.

सुलभा हरून परत आली असं वरती कोणाला वाटतंय का? ती हरलेली नाही. वर काम करू देत नाहीत आणि खाली बायका जीव देताहेत, तिथे राजीनामा देणं हे भानावर असलेल्या माणसाचं काम.

आता नवऱ्याचं. माझी नेमणूक बाहेरगावी होती, मुलं आणि हे पुण्यात. शनिवारी दुपारची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, रविवारी रात्री पुन्हा गाडी. सगळे मला विचारायचे, "मुलांचं काय?" आणि ह्यांना विचारायचे, "जेवणाचं काय करता हो?" आमच्या ह्यांना पोळ्या येत नव्हत्या, त्यांनी भाकरी शिकून घेतली, कारण ती लाटावी लागत नाही! घसरायला त्यांना सवडच नव्हती. शनिवारातले_शनी, एकटं पडलेल्या माणसाला करायला पुष्कळ असतं. घरात कामं भरपूर असतात.

आवळासुपारी

काकू, साष्टांग दंडवत. _/\_

मुठेचा_काठ

अवांतर: 'उंबरठा' आईबाबांनी लग्नानंतर लगेच पाहिला होता. कुठल्या थिएटरात? आई म्हणते प्रभात, बाबा म्हणतात विजय. एकमेकांवर इतका विश्वास असलेल्या जोडप्यात या एका विषयावर तडजोड नाही.

ताकभात

आमच्या घरच्यांचं मत 'भानुविलास'. तिघांपैकी दोन तरी खोटं बोलताहेत, काढा कलम.

वकीलीणबाई

कलम म्हणालात म्हणून आले. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात माझी रोजची उठबस आहे, त्यामुळे 'अर्थ' बघताना डोक्यात दुसरंच चालू असतं.

१९८२ साली पूजा तक्रार करायला पोलिसांत गेली असती तर काय झालं असतं? काहीही नाही. भारतीय दंड संहितेत व्यभिचाराचं कलम ४९७ होतं, पण ते लागू व्हायचं दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला, आणि तक्रार करायची ती त्या बाईच्या नवऱ्याने. कविता अविवाहित. म्हणजे कायद्याच्या नजरेत इंदरने गुन्हाच केलेला नाही. ज्या कलमाला लोक 'बायकांचं संरक्षण' समजत होते, त्यात फसवल्या गेलेल्या बायकोला तक्रारीचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ला ते रद्द केलं तेव्हा व्हॉट्सॲपवर 'आता मोकळं रान' म्हणून काय हैदोस चालला होता! घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही आहेच. हिंदू विवाह कायद्यातल्या १९७६च्या दुरुस्तीच्या आधी जोडीदार 'व्यभिचारात राहतो आहे' हे दाखवावं लागायचं, त्यानंतर एक प्रसंगही पुरतो. परस्पर संमतीचा घटस्फोटही त्याच दुरुस्तीने आला. म्हणजे पूजाला आणि सुलभाला, दोघींनाही तो दरवाजा नुकताच उघडलेला होता.

नवऱ्याच्या नावावरच्या घरातही बायकोला राहायचा हक्क आहे हे स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात. पूजा अनाथ आहे, स्वतःचं घर हे तिचं सगळ्यात मोठं स्वप्न, आणि तीच बाई शेवटी बॅग घेऊन नोकरदार बायकांच्या वसतिगृहात जाते. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्यांदा 'ती कोण आहे'बद्दल बोलतात, अर्धा तास बोलतात. मी ऐकून घेते आणि विचारते, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? हप्ता कोणाच्या खात्यातून जातो? मग एकदम शांतता.

शनिवारातला_शनी

वकीलीणबाई, फी किती?

वकीलीणबाई

तुमचं आधी ठरवा, कोणाच्या बाजूने येताय.

सातवा_मजला

हा धागा नुसता वाचायचा असं ठरवलं होतं, पण घराचा विषय निघाला.

मी पूजा. म्हणजे सिनेमातली नव्हे, पण गोष्ट तीच. त्याने सांगितलं नाही, मला कळलं. निघाले. रडणं वगैरे होतं ते होतं, त्याबद्दल सगळे लिहितात. घर शोधण्याबद्दल कोणी लिहीत नाही.

सदाशिव पेठेत एक खोली पाहिली. मालकीणबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, मग विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मी म्हटलं, आम्ही वेगळे राहतो. "म्हणजे येऊन-जाऊन असतील?" नाही म्हटलं. "मग कोण येऊन-जाऊन असेल?" हे त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मला राग यायला दोन चौक ओलांडावे लागले. दुसऱ्या एका ठिकाणी भाडं ठरलं, आगाऊ रक्कम ठरली, आणि मग 'वडिलांना घेऊन या' असा निरोप आला. माझं वय तेव्हा अडतीस.

शेवटी वारज्याला मिळालं. आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की गॅसचं पुस्तक त्याच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तो. नवीन जोडणी हातात पडेपर्यंत इंडक्शनच्या शेगडीवर चहा आणि खिचडी. 'अर्थ'मध्ये वसतिगृहात आलेली शबाना खोलीभर नजर फिरवते ना, त्या जागी मी सिनेमा थांबवते. पुढचं नंतर बघते.

प्रश्नाचं उत्तर: मला इंदरची चीड येत नाही. तो ओळखीचा आहे. खरबंदांनी त्याला राक्षस केलेलं नाही, नुसता ढिला माणूस केलाय. कविताकडे असताना पूजाबद्दल अपराधी, पूजाकडे असताना कविताची काळजी. जिथे असेल तिथे अर्धा.

वाड्यातली_सून

'जिथे असेल तिथे अर्धा' याला +१०००.

आणि कविताबद्दलही कोणीतरी बोला. ती खलनायिका नाही. मनाने आजारी, सतत धास्तावलेली. तुटलेल्या मंगळसूत्राचे मणी तिला अंथरुणात टोचतात, तो प्रसंग स्मिताने असा केलाय की अंगावर काटा येतो. शेवटी इंदरला बाहेरचा रस्ता दाखवणारी पहिली बाई तीच. आपण सगळे पूजाच्या नकाराला टाळ्या वाजवतो, पण आधीचा नकार कविताचा आहे.

रिळातला_माणूस

वाचतोय, मजा येतेय. थोडी भर घालतो.

१. महेश भट्टनेच 'अर्थ' ही आपल्या आयुष्यातली गोष्ट असल्याचं अनेकदा उघड सांगितलंय. म्हणजे माणसाने स्वतःवरून बेतलेल्या पात्राला शेवटी माफी मिळू दिली नाही. शबाना आझमींनी मुलाखतीत सांगितलंय की वितरक शेवट बदला म्हणत होते. नवरा माफी मागतोय आणि बायको नाही म्हणते, हे भारतात चालायचं नाही म्हणे. शेवट बदलला नाही, चित्रपट चालला, आणि शबानांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२. पुढच्याच वर्षी, १९८३ला, शेखर कपूरच्या 'मासूम'मध्ये याच शबानांनी नवऱ्याला पदरात घेतलं. तिथे तर दुसऱ्या बाईपासून झालेला मुलगाच घरात येतो.

३. 'बाईने केलं तर?' असं वर आवळासुपारी यांनी विचारलंय. १९८०चा विनोद पांडेंचा 'एक बार फिर' बघा. दीप्ती नवल, लंडन. नवरा सिनेमातला नट, बाहेरख्याली. ती दुसऱ्या माणसाच्या प्रेमात पडते आणि नवऱ्याला तसं सांगून निघून जाते. ती मरत नाही, पश्चात्ताप करत नाही, परत येत नाही. आजही असा शेवट करायला दम लागतो.

मुठेचा_काठ

'मासूम'ची शबाना मला कमकुवत वाटत नाही. ती नवऱ्याला माफ करण्याआधी त्या पोराला माफ करते, म्हणजे ज्याचा गुन्हाच नाही त्याला. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ चित्रपट देतो. निघून गेली म्हणजे खंबीर आणि राहिली म्हणजे बिचारी, असं गणित मांडू नका प्लीज. माझी मावशी राहिली. तिने पुढची तीस वर्षं त्या माणसाला जे काही ऐकवलंय, त्यापेक्षा घटस्फोट दयाळू झाला असता.

बिनसाखरेचा

मावशींना इथे सभासद करून घ्या.

ओगले_वाडी

स्मिता पाटीलच्या खऱ्या आयुष्यात पण

(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. कलाकारांच्या खाजगी आयुष्यावर त्यांनी स्वतः बोललेलं सोडून इतर चर्चा इथे नको. – संपादक मंडळ)

नळस्टॉप

सगळ्यांनी 'अर्थ'मधलं तिसरं लग्न विसरायचं ठरवलंय का? पूजाकडे काम करणारी बाई, म्हणजे आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. त्याच वर्षी त्या 'गांधी'त कस्तुरबा झाल्या होत्या आणि इकडे ही मोलकरीण. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं त्यासाठी.

तिचाही नवरा बाहेर बाई ठेवतो, वर दारू पिऊन मारतो. ही पोरीच्या शाळेसाठी पैसे साठवते आणि तो ते पळवतो. दुसऱ्या बाईपायी तिने त्याला मारलं असतं असं मला वाटत नाही, ते तिने गिळलंच होतं. पोरीच्या शाळेचे पैसे गेले, तिथे ती फुटली आणि तिने त्याचा जीवच घेतला. तुमचा सुभाष आणि इंदर यांच्यात निवड करायला आधी पोटात काहीतरी असावं लागतं.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना माझ्या बायकोने 'अर्थ' दाखवला होता. त्यांनी पूजाच्या रडण्यावर एकदाही मान हलवली नाही. हट्टंगडींची पोर पूजाकडे राहायला जाते तिथे म्हणाल्या, "ही शिकवंल का नीट? का भांडी घासाया लावंल?" माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

सातवा_मजला

आता हे दिवसभर डोक्यातून जाणार नाही.

ताकभात

गाडी रुळावर आणतो. मूळ प्रश्न: चीड कोणाची?

माझं मत सुभाष, आणि कारण वर कोणी दिलेलं नाही. इंदर शेवटी येऊन विचारतो, मला परत घेशील का? तो विचारतो म्हणून पूजाला उलट विचारता येतं: मी अशी वागून परत आले असते तर तू घेतलं असतंस? त्याला नाही म्हणावं लागतं आणि विषय संपतो. इंदर लबाड असेल, पण त्या एका प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं.

सुभाष काही विचारतच नाही. कळवतो. वकिलाने नोटीस बजावावी तसा. नकार द्यायला समोर प्रश्न तरी हवा ना! 'तू समजूतदार आहेस' असं गृहीत धरलं की समोरच्याला फक्त समजूतदार राहायची नाहीतर निघून जायची सोय उरते.

वकीलीणबाई

नोटिशीला आम्ही उत्तर देतो हो. पंधरा दिवसांत. :)

पण मुद्दा पटला. कोर्टातही ओरडणारे नवरे परवडतात. 'मी तिला काहीच कमी केलं नाही, ती हवं तर राहू शकते' असं मंद आवाजात सांगणारे असतात ना, त्यांची उलटतपासणी सगळ्यात अवघड.

पेरूची_फोड

ताकभात, तुमचा प्रतिसाद वाचून कार्नाडांचा तो प्रसंग पुन्हा लावला. माझं अजूनही म्हणणं आहे की सांगणं हे न सांगण्यापेक्षा बरं. सुलभाला कळलं आणि ती निघाली. न कळता ती त्या घरात दहा वर्षं पोहे करत बसली असती, ते मला जास्त भयानक वाटतं. पण 'सुभाष बरा' हे मागे घेते. 'सुभाषचा उपयोग झाला' एवढंच म्हणते.

वाड्यातली_सून

चालेल. एवढं आम्ही देऊ त्याला.

शनिवारातला_शनी

मी इंदरवर ठाम आहे, एकटा तर एकटा. अधीक्षिका काकूंच्या भाकरीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

बाकी, 'उंबरठा'तल्या सासूबाईंवर वेगळा धागा कोणीतरी काढा. जगातल्या पीडित बायकांचं कल्याण करणार, सत्कार घेणार, आणि सून पगारी नोकरी करते म्हटलं की घराण्याची अब्रू! त्यांच्याविषयी बोलायला मी सगळ्यात आधी येतो, आणि तिथे तुम्ही सगळे माझ्याच बाजूने असाल.

आवळासुपारी

काढते. रात्री भांडी झाली की.

बिनसाखरेचा

भांडी ह्यांना द्या, धागा आत्ता काढा.